उरलेली नव्वद टक्के ऊर्जा कोण खातं?

बाई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पाटण तालुक्यात नववीला विज्ञान शिकवता. ऊर्जाप्रवाहाच्या धड्याला तुम्ही फळ्यावर गवत, नाकतोडा, सरडा, शिकारी पक्षी अशी साखळी काढलीत आणि प्रत्येक पायरीला दहाच टक्के ऊर्जा वर जाते असं सांगितलंत. त्यावर एका मुलीने विचारलं, "मग उरलेली नव्वद टक्के कोण खातं?" दुसऱ्या मुलाने विचारलं, "शिकारी पक्षी नसले तर सरडे मजेत राहतील, त्यात बिघडलं काय?" शिवाय खाणाऱ्यांचे थर एकावर एक मांडून जो मनोरा काढतात, तो समुद्रात उलटा असतो, हे तुम्हाला स्वतःलाच पटत नाहीये.

माळरानं आणि सडे हिंडण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्या मुलीचा प्रश्न मला कामाला लागून बऱ्याच वर्षांनी पडला होता. तिला तो नववीतच पडला, याचा मला फार आनंद झाला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गोठ्यापासून सुरू करा. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी तरी जनावर असेल. गाईने सुकं गवत खाल्लं की त्यातला जवळपास अर्धा भाग तिला पचतच नाही, तो शेणात पडतो. त्या शेणाची गोवरी थापली, वाळवली आणि चुलीत घातली की ती भडकते. ती धग कुठून आली, हे मुलांना विचारा. ती उन्हाची आहे. पावसाळ्यात गवताने ऊन पकडलं, गाईने ते गिळलं, पण तिच्या आतड्याला ते सोडवून घेता आलं नाही, म्हणून ते चुलीत पोचलं. गोबरगॅसच्या टाकीतही हेच होतं, फक्त तिथे ते शिल्लक ऊन जिवाणू खातात आणि त्यातून वायू सोडतात.

ही एक गळती झाली. खाल्लं, पण पचलं नाही.

दुसरी गळती गोठ्यात शिरल्याबरोबर जाणवते. पौषातल्या पहाटे बाहेर दात वाजत असतात आणि गोठ्यात मात्र ऊब असते. ती ऊब म्हणजे गाईने पचवलेल्या गवताची जळालेली ऊर्जा. श्वास घ्यायला, रक्त फिरवायला, उभं राहायला, शेपटीने माश्या हाकायला आणि अंग एका ठरावीक तापमानाला राखायला ऊर्जा लागते आणि ती वापरली की शेवटी उष्णता होऊन निघून जाते. सस्तन प्राणी आणि पक्षी यांचा हा खर्च अफाट आहे. पचलेल्या शंभर भागांतले जेमतेम एक ते तीन भाग त्यांच्या नव्या मांसात, पिल्लांत, चरबीत साठतात, बाकी सगळं जळतं. नाकतोड्याला अंग तापवायचं नसतं, ऊन तापवतं ते फुकट. त्यामुळे कीटकांमध्ये शंभरातले दहा ते चाळीस भाग अंगी लागतात. सरडाही याच काटकसरी लोकांतला. सकाळी तो दगडावर ऊन खात बसलेला दिसतो तेव्हा तो खरोखरच खर्च वाचवत असतो.

तिसरी गळती सगळ्यात मोठी, आणि पुस्तकातल्या चित्रात ती हमखास सुटते. बरंचसं अन्न कोणी खातच नाही. मारवेल, पवन्या, कुसळी या आपल्या गवतांचं निम्म्याहून अधिक अंग जमिनीखाली मुळांत असतं. वर जे उगवतं त्यातलं गुरं, शेळ्यामेंढ्या, ससे, नाकतोडे, टोळ मिळून माळावर साधारण पाव हिस्सा संपवतात. घनदाट जंगलात तर वीस भागांतला एखादाच भाग हिरवा असताना खाल्ला जातो. बाकीचं वाळतं, गळतं, पडतं. आणि मग वाळवी, बुरशी, शेणकिडे, गांडुळं, जिवाणू जेवायला बसतात.

तेव्हा त्या मुलीला सांगा: उरलेल्यातला मोठा भाग विघटक खातात. पण तेही जिवंत आहेत, तेही खाल्लेलं जाळतात. शेवटी सगळी ऊर्जा उष्णता होऊन आभाळात जाते आणि ती कोणीच खात नाही. गवतातला कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस मातीतून, हवेतून पुन्हा गवतात येतो. ऊर्जा मात्र परत येत नाही. रोज सकाळी नवं ऊन यावं लागतं. मुलांच्या डोक्यात या दोन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते, म्हणून फळ्यावर द्रव्यांचे बाण गोल काढा आणि ऊर्जेचे सरळ, एका दिशेचे.

बाणांवरून आठवलं. मुलं बाण उलटा काढतात, कारण "सरडा नाकतोड्याला खातो" या वाक्यात सरडा आधी येतो. त्यांना सांगा, बाण म्हणजे कोण कोणाच्या पोटात गेलं ते. मग चुकत नाहीत.

आता ते 'दहा टक्के'. हा नियम म्हणून शिकवला जातो, ते मला मनापासून खटकतं. रेमंड लिंडेमन नावाच्या तरुण अमेरिकन संशोधकाने मिनेसोटातल्या सीडर बॉग या लहानशा तळ्याचा ऊर्जेचा जमाखर्च मांडला. त्याआधी १९२७ मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी अन्नसाखळी आणि संख्येचा मनोरा या कल्पना नीट मांडल्या होत्या, पण कोण कोणाला खातं आणि कोण किती आहेत, इथपर्यंतच ती गोष्ट होती. लिंडेमनने सगळं ऊर्जेच्या एकाच नाण्यात मोजलं. त्याचा निबंध आधी परीक्षकांनी नाकारला होता. तो १९४२ मध्ये छापून आला तेव्हा लिंडेमन हयात नव्हता, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच तो गेला. त्याच्या तळ्यात वनस्पतींकडून शाकाहाऱ्यांकडे पोचलेली ऊर्जा होती १३.३ टक्के आणि तिथून मांसाहाऱ्यांकडे २२.३ टक्के. दहा कुठेच नाही.

पुढे १९५७ मध्ये अमेरिकन संशोधक हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या नितळ झऱ्याचा हिशेब प्रसिद्ध केला. पर्यटक माशांना पावाचे तुकडे टाकायचे, तेसुद्धा त्यांनी जमेच्या बाजूला धरले, इतका तो काटेकोर. वर्षभरात दर चौरस मीटरवर सुमारे १७ लाख किलोकॅलरी ऊन पडत होतं. पाणवनस्पतींनी आणि शेवाळाने त्यातून पकडली २०,८१० किलोकॅलरी, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. शाकाहाऱ्यांकडे पोचली ३,३६८, त्यांना खाणाऱ्यांकडे ३८३ आणि सर्वांत वरच्या शिकारी माशांकडे फक्त २१. हे आकडे मुलांना देऊन टक्केवारी काढायला लावा: पहिल्या पायरीला सुमारे १६, दुसरीला ११, तिसरीला साडेपाच. दहा ही अशा अनेक हिशेबांची ढोबळ सरासरी आहे. कुठे पाच निघतं, कुठे वीस.

त्याच तक्त्यातला आणखी एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विघटकांच्या वाट्याला आलेली ऊर्जा ५,०६० किलोकॅलरी. म्हणजे सगळ्या शाकाहाऱ्यांना मिळून जेवढी मिळाली त्याच्या दीडपट! आपण विघटकांना मनोऱ्याच्या कडेला एका चौकोनात कोंबतो आणि 'शेवटी विघटक असतात' म्हणून पुढे जातो. प्रत्यक्षात खालच्या मजल्यावरची मोठी पंगत तीच. माळावर उन्हाळ्यात सगळं ओसाड दिसतं, लोक त्याला 'पडीक' म्हणतात आणि झाडं लावायला खड्डे खणतात, तेव्हा पायाखाली ही पंगत चालू असते. वाळव्या, त्यांच्यावर जगणारे सरडे, त्या सरड्यांवर जगणारा खाटीक पक्षी, वाळव्यांसाठी उकरत फिरणारी खोकडं, हे सगळं वाळलेल्या गवतातून आलेल्या ऊर्जेवर चालतं. या साखळीच्या पहिल्या पायरीवर हिरवं पान नसतंच. ही दुसरी साखळीही फळ्यावर काढाच.

याच हिशेबातून साखळी चार-पाच दुव्यांच्या पुढे का जात नाही, तेही सुटतं. सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये २०,८१० वरून २१ वर यायला तीनच पायऱ्या लागल्या. त्या २१ वर जगणारा आणखी एक शिकारी कल्पून पाहा. त्याला पोट भरण्याइतकं गोळा करायला इतकं लांब हिंडावं लागेल की हिंडण्यातच मिळकत संपेल. गरुडाला अख्खा डोंगर लागतो आणि नाकतोड्याला एक गवताचं बेट पुरतं, ते यामुळेच.

आता त्या मुलाचा प्रश्न. याचं उत्तर तुमच्या शाळेपासून फार लांब नाही. चाळकेवाडीचं पठार मुलांनी पाहिलं असेल, निदान वरच्या पवनचक्क्या तरी. त्या पठारावर एक देखणा सरडा राहतो. नराच्या गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी असा पंखा असतो. पावसाळ्यापूर्वीच्या कडक उन्हात तो दगडावर चढून हा पंखा उघडमीट करतो, माद्यांना बोलावतो आणि दुसऱ्या नरांना दटावतो. याचं शास्त्रीय नाव 'सरडा सुपर्बा'. २०१६ मध्ये या सरड्यांसाठी नवी जाती आणि तिच्या वरच्या गटाचं (जीनसचं) नवं नाव ठरवताना संशोधकांनी आपला मराठी 'सरडा' हा शब्दच उचलला. मुलांना हे जरूर सांगा, त्यांची मान ताठ होते.

मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले या संशोधकांनी या पठारावर एक साधी पण फार हुशारीची तुलना केली. एकीकडे सोळा ते वीस वर्षं पवनचक्क्या फिरत असलेला पठाराचा भाग, दुसरीकडे तसाच पण पवनचक्क्या नसलेला शेजारचा भाग. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते आणि सरड्यांवर होणारे त्यांचे हल्लेही कमी. सरड्यांची दाटी मात्र तिथे कितीतरी जास्त. इथपर्यंत तुमच्या विद्यार्थ्याचं म्हणणं बरोबर ठरतं.

पण त्यांनी सरडे नुसते मोजले नाहीत, हातात धरून तपासले. पवनचक्क्यांखालच्या सरड्यांच्या रक्तात ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण कमी होतं. माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. भीती ओसरली होती. आणि तरीही ते अंगाने बारीक होते, नरांच्या गळ्यातला रंग फिकट होता.

माझ्या मते पुस्तकातल्या दहा चित्रांपेक्षा ही एक गोष्ट वर्गात जास्त काम करेल. शिकारी पक्षी उठले म्हणून पठारावर पडणारं ऊन वाढलं नाही. गवत वाढलं नाही, कीटक वाढले नाहीत. येणारी ऊर्जा होती तेवढीच राहिली आणि वाटेकरी वाढले. एका भाकरीचे चार तुकडे व्हायचे तिथे बारा झाले. सरड्याच्या जिवावरचा एक धोका गेला आणि पोटावरचा आला. अंगावर मांस धरलं नाही, रंगाला लागणारा माल अन्नातून पुरेसा मिळाला नाही, म्हणजे उद्या मादीसमोर पंखा उघडला तरी तो फिका.

तेव्हा 'एक दुवा निखळला की साखळी तुटते' हे वाक्य फळ्यावरून पुसलं तरी चालेल. निसर्गात असं तुटणं क्वचितच दिसतं. बहुतेक वेळा हिशेब नव्याने मांडला जातो, आणि तो आपल्याला हवा तसा असेलच असं नाही. खरं तर ती साखळी नसतेच, जाळं असतं. त्या सरड्याला शिकारी पक्षी खातात तसे सापही खातात. सरडा मुंग्या, भुंगे, नाकतोडे सगळंच खातो. एक धागा काढला की ओढ दुसऱ्यांवर जाते.

पवनचक्क्या वाईट, असं मला म्हणायचं नाही, आणि त्या संशोधकांनीही तसं म्हटलेलं नाही. कोळसा जाळण्यापेक्षा वारा बरा. पण पठार म्हणजे मोकळी, रिकामी जागा आहे, असं समजून काहीही उभारलं, मग ती पवनचक्की असो की वृक्षारोपणाचे खड्डे, तर खालच्या जमाखर्चात बदल होणार, एवढं आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.

दुवा निखळण्याचं आणखी एक उदाहरण तुमच्या आधीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे त्याचं मुख्य कारण, हे २००४ मध्ये उघड झालं. जनावर औषध दिल्यावर लगेच मेलं की त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मढ्यांतली ऊर्जा मात्र कुठे गेली नाही. ती भटक्या कुत्र्यांकडे गेली, कावळ्यांकडे गेली, किडे-जिवाणूंकडे गेली. गिधाडांचा थवा जे काम तासाभरात उरकायचा ते दिवसेंदिवस सडत राहिलं. हिशेब इथेही जुळलाच, फक्त गावाच्या दृष्टीने तो फार महाग पडला. मुलांना घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा: गिधाडं शेवटची कधी पाहिली, कुठे बसायची, मेलेली जनावरं आता कुठे जातात? त्या उत्तरांतून धडा आपोआप पुढे सरकेल.

उलट्या मनोऱ्याचं थोडक्यात सांगतो. समुद्रात एखाद्या क्षणी सगळं वजन केलं तर सूक्ष्म वनस्पती कमी भरतात आणि त्यांना खाणारे जास्त. चुकल्यासारखं वाटतं, पण वजन आणि उलाढाल या वेगळ्या गोष्टी आहेत. वडापावच्या गाडीवर कोणत्याही क्षणी पाहिलं तर वीस-पंचवीस वडे दिसतील आणि खाणारे पन्नास उभे असतील. तरी सगळ्यांची पोटं भरतात, कारण घाणा सतत चालू असतो. समुद्रातल्या त्या सूक्ष्म वनस्पती दिवस-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच वेगाने खाल्ल्या जातात. म्हणून वजनाचा मनोरा उलटा होऊ शकतो. एका झाडावर हजारो किडे असतात, तिथे संख्येचा मनोराही उलटतो. पण वर्षभरात किती ऊर्जा वाहिली असं मोजलं, तर तो मनोरा कधीच उलटत नाही. खालून आलेल्यापेक्षा जास्त वर जाणार कुठून?

शेवटी, तुम्ही वर्गात करण्याजोगं काही विचारलं होतं. गावात जुनी विहीर, पडका वाडा किंवा देवळाची ओवरी असेल, तर गव्हाणी घुबड तिथे असण्याची शक्यता बरीच आहे. ते उंदीर गिळतं आणि न पचणारी हाडं, केस यांचा अंगठ्याएवढा करडा गोळा तोंडावाटे टाकतं. दिवसा, घुबडाला न त्रासवता, खालून पाच-सहा गोळे उचलून आणा. विणीचा काळ असेल आणि वर पिल्लांचा आवाज येत असेल तर त्या जागी जाऊ नका. गोळे कडक उन्हात चांगले वाळवा, मग कोमट पाण्यात थोडं जंतुनाशक घालून भिजवा. हातमोजे हवेतच, नंतर साबणाने हात धुवायचे. टोकदार काडीने सोडवलं की कवट्या अखंड निघतात. मुलांचे डोळे त्या वेळी पाहण्यासारखे असतात.

कवट्यांचे दोन ढीग करायला लावा. ज्यात पुढचे दोन लांब दात, मग रिकामी जागा आणि मागे दाढा, तो उंदीर. ज्यात पुढून मागेपर्यंत बारीक टोकदार दातांची सलग ओळ, ती चिचुंद्री. उंदराचं पोट मुख्यतः धान्यावर आणि गवताच्या बियांवर भरतं. चिचुंद्री झुरळं, भुंगे, अळ्या खाते आणि त्यातले बरेच किडे पाल्यावर वाढलेले असतात. मग त्या दोघांना, प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आणि मुलाला, पुढे बोलवा आणि विचारा: उंदीर खाल्ला त्या रात्री हे घुबड मनोऱ्याच्या कितव्या पायरीवर होतं, आणि चिचुंद्री खाल्ली त्या रात्री कितव्या?